सुनेनं सुचवलेली सोबत

म्हाताऱ्या माणसाला सोबत हवी, हा शोध सुनेला ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लागला. मोबाइलवर कुणीतरी लिहिलं होतं की, कुत्रं पाळलं की वृद्धांना झोप बरी लागते, चालणं होतं आणि 'एकटेपणाची भावना लक्षणीयरीत्या घटते'. सुनेनं तो मजकूर नवऱ्याला पाठवला. नवऱ्यानं वाचला की नाही देव जाणे, पण उलट टपाली अंगठा पाठवला, होकाराचा. सासऱ्यांचा प्रश्न असा एका अंगठ्यावर निकालात निघाला. सासऱ्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं.

सासरे म्हणजे कोर्टातले निवृत्त स्टेनो. इमारतीत सगळे त्यांना स्टेनोकाका म्हणत. उभी हयात त्यांनी साक्षीदारांचं खोटं बोलणं एक शब्द न गाळता उतरवून घेतलं होतं, आणि त्यापायी त्यांच्या चेहऱ्यावर एक भाव कायमचा मुक्कामाला आला होता : 'चालू द्या, मी लिहितोय.' दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणीही बोलायला लागलं की त्यांच्या भुवया वर जात. बायको होती तोवर ती हळूच म्हणायची, "भुवया खाली घ्या, पाहुणे आहेत." ती गेल्यावर भुवयांना आवर घालणारं कुणी उरलं नाही. पाहुणेही उरले नाहीत.

मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. आई गेल्यावर सुरुवातीला दर रविवारी यायचा. मग एक रविवार आड. मग नुसता फोन. पुढे फोनचाही कंटाळा आला, तेव्हा 'जेवलात का?' एवढा संदेश येऊ लागला. काका 'हो' असं कळवत. एकदा त्यांनी 'नाही' असं लिहून पाहिलं. उत्तरादाखल अंगठा आला.

कुत्र्याची बातमी मात्र सुनेनं स्वतः येऊन दिली, हे तिच्या बाजूनं नमूद करायला हवं. सोबत मुलगा होता, आणि त्याच्या हातात हाडाचं चित्र असलेला एक स्टीलचा वाडगा.

"बाबा, एक संस्था आहे," सोफ्याच्या कडेला टेकत सून म्हणाली. पूर्ण बसलं तर उठायला उशीर होतो, अशी तिची बसायची रीत होती. "लोकांनी टाकून दिलेली कुत्री-मांजरं सोडवून आणतात. त्यांची स्वतःची जागा वगैरे नाही. कायमचं घर मिळेपर्यंत कार्यकर्तेच आपापल्या घरी सांभाळतात. मी तुमच्या नावानं अर्ज केलाय. त्या बाई आत्ता येतील, घर बघायला."

"कुणाचं घर?"

"तुमचं."

"माझ्या घराला काय धाड भरलीय?"

"तसं नाही बाबा. कुत्र्याला हे घर चालेल का, ते बघणार."

"आणि मला कुत्रं चालेल का, ते कोण बघणार?"

"त्यासाठीच तर आणतोय ना," मुलगा म्हणाला. या वाक्याचा अर्थ त्याचा त्यालाही लागला नसावा. काकांनी ते मनातल्या मनात उतरवून घेतलं.

बाई जिना चढून घामाघूम होऊन आल्या. चौकाच्या पलीकडे त्यांचं छोटंसं सलून होतं आणि वरच्या मजल्यावर त्या राहायच्या. गिऱ्हाईक आटोपून तशाच निघाल्या असाव्यात. बाहीला कापलेले केस चिकटले होते. मागोमाग धापा टाकत एक कुत्री आली. पिवळट, आखूड पायांची, पोट सुटलेली, एका कानाचं टोक गेलेली. ती दारात थांबली. तिनं सोफा पाहिला, मग सून, मग मुलगा, मग काका. एक सुस्कारा सोडला आणि पायपुसण्यावर बसली. चहा बेचव निघाल्यावर काही नातेवाईक बसतात ना, अगदी तशी.

"हिचं नाव मामी," बाई म्हणाल्या.

"मला एक मामी होती," काका म्हणाले. "तेवढी सोबत मला जन्माला पुरली."

बाई हसल्या. सून हसली नाही. तिनं ऑफिसात मुलाखती घेतल्या होत्या, आणि मुलाखतीत हसायचं केव्हा हे तिला ठाऊक होतं.

"आजोबा, कुत्र्याची सवय आहे तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"आहे ना," सून म्हणाली. "त्यांना प्राणी फार आवडतात."

काकांच्या भुवया वर गेल्या.

"सकाळ-संध्याकाळ फिरवायला जमेल?"

"न जमायला काय झालं? डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे."

"मी यांना विचारतेय," बाई म्हणाल्या. "बरं, तुम्हीच सांगा. आजोबा आजारी पडले तर मामीकडे कोण बघणार?"

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं वाडग्याकडे.

"तशी वेळ येणार नाही," सून म्हणाली.

"येते हो. तुमचं इथं येणं-जाणं किती?"

"आम्हाला खरं तर कामातून डोकं वर काढायला फुरसत नसते. म्हणून तर..." सून थांबली, पण जीभ आधीच पुढं गेली होती.

"म्हणून तर काय?"

सुनेनं पर्स उघडून पुन्हा मिटली. बाई काकांकडे वळल्या. "आजोबा, हवीय का तुम्हाला ही?"

"एक, मी तुमचा आजोबा नाही. दोन, नकोय."

"मिटलं तर मग." बाई उठल्या.

"अहो, ते असंच म्हणतात!" सून चिडली. "टीव्हीला नको म्हणाले होते, वॉशिंग मशीनला नको म्हणाले होते. आता दोन्ही वापरतात की नाही?"

"मामी वॉशिंग मशीन नाही, ताई. तुम्हाला यायला जमत नाही म्हणून तुमच्या जागी ही, असं मी देत नाही."

"तुम्ही आमचा अपमान करताय."

"अजून केलेला नाही," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि मामीला उठवून जिना उतरून गेल्या.

दार लागल्यावर सुनेचा पारा चढला. "कुत्रं देतायत की किडनी? रस्त्यावरचं, फुकटचं, कान तुटकं, आणि तोरा बघा!" मुलगा "जाऊ दे, जाऊ दे" म्हणत राहिला. आयुष्यात त्यानं दुसरं फारसं काही म्हटलंही नव्हतं. दोघं चहाला न थांबता गेले. वाडगा टीपॉयवर तसाच राहिला.

काका बराच वेळ बसून होते. त्या खोलीत कुणीतरी सरळ वाक्य बोलून किती काळ लोटला होता! आपण हसतोय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्याबरोबर त्यांनी ते थांबवलं.

दुसऱ्याच दिवशी ते सलूनमध्ये हजर झाले.

"काय कापू?" त्यांच्या टकलाकडे पाहत बाईंनी विचारलं.

"सापडेल ते."

बाकाखाली मामी पडली होती. तिनं एक डोळा उघडला, काकांना ओळखलं आणि डोळा मिटला. काकांना हे स्वागत आवडलं. शेपटी हलवत अंगावर येणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता, मग तो प्राणी असो की विमा एजंट.

कानामागचे चार केस कापायला वेळ लागत नाही, पण काका नंतरही बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसून राहिले. इतकं खोटं त्यांनी निवृत्तीनंतर प्रथमच ऐकलं. कोर्टात माणूस शपथ घेऊन खोटं बोलतो आणि सलूनच्या खुर्चीत शपथेशिवाय, एवढाच काय तो फरक. एक बाई म्हणाली, "मी बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात," आणि पुढे केस रंगवून होईपर्यंत शेजारणीच्या संसाराची धुणी धूत राहिली. एक गृहस्थ म्हणाला, मला वय लपवायचं नाही, फक्त जरा काळे करा. दर वेळी बाकाखालून सुस्कारा यायचा, आणि तो अगदी नेमक्या जागी यायचा.

"ही ऐकते काय हो सगळं?" काकांनी विचारलं.

"ऐकते. पण कुणाला सांगत नाही. म्हणून तर ठेवलीय." बाई कात्री पुसत म्हणाल्या. "हिच्या लोकांनी घर बदललं. पडदे नेले, बल्बसुद्धा काढून नेले. हिला फाटकाला बांधून गेले."

"बल्ब महाग असतात," काका म्हणाले. आणि मग बराच वेळ वर्तमानपत्राचं एकच पान बघत बसले.

त्यानंतर काका दाढीला येऊ लागले. पुढेपुढे कारणाशिवायच येऊ लागले. बाई त्यांना काका म्हणू लागल्या आणि काकांनी हरकत घेतली नाही. येताना खिशात बिस्किटं असत. "माझ्यासाठी आणलीत, मला आवडत नाहीत," असं म्हणून ते ती बाकाखाली सरकवत.

मामी हवीशी वाटते, हे काकांनी स्वतःजवळही कबूल केलं नव्हतं. कबूल केलं असतं तरी पंचाईतच होती. तिला घरी आणायचं म्हणजे सुनेचं म्हणणं खरं ठरवायचं. ती ऑफिसात सांगणार, 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' आणि मुलगा कायमचा सुटणार. बाबांकडे आता मामी आहे, मग आपण कशाला? एका कुत्रीवर मुलाला सोडचिठ्ठी! एवढी उदारता काकांच्या अंगी नव्हती.

मग एक दिवस ते जोडपं आलं. काका खुर्चीत होते, गालाला फेस, गळ्याला फडकं. नवराबायकोनं एकाच रंगाचे कपडे घातले होते आणि दोघांच्याही हातात फोन उगारलेला होता.

"हीच का ती?" बायको म्हणाली. "फोटोत बारीक वाटली होती."

"फोटो वरून काढलाय," बाई म्हणाल्या.

नवऱ्यानं मामीला बाकाखालून ओढून बाहेर काढलं, तोंड वर धरलं, कान चाचपला. "हे असंच राहणार? काही करता येत नाही?"

"वास येतोय जरा," बायको म्हणाली. "पण गोष्ट चांगली आहे हिची. फाटकाला बांधलेली वगैरे. लोकांना आवडेल. आपण नाव बदलू. मामी काय! काहीतरी गोड ठेवू." मग बाईंकडे वळून, "आणि समजा नाही जमलं, तर परत घेता ना?"

बाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"चावते ती."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मला चावलीय," फेसातून काका म्हणाले. त्यांनी पँट वर केली आणि पोटरीवरचा एक जुना डाग दाखवला. तो लहानपणी सायकलवरून पडल्याचा होता. "इंजेक्शनं घ्यावी लागली. पोटात. आणि आधी काही सुगावा लागू देत नाही. अशीच बघत बसते, आणि मग एकदम."

मामीनं त्यांच्याकडे पाहिलं. खरोखरच कोणत्याही क्षणी चावेल असा तिचा चेहरा होता. तो जन्मजातच तसा होता. नवऱ्यानं तिचं तोंड सोडलं आणि हात पँटला पुसला. "विचार करून कळवतो," असं म्हणत दोघं मागच्या मागे सटकली.

बाई आरशातून काकांकडे बघत होत्या. "काका, खोटं बोललात."

"बोललो."

"मी नाही म्हणणारच होते."

"मला काय माहीत? लोक हो म्हणतात. जन्मभर ऐकलंय मी." काकांचा आवाज जरा चढला. ज्यांची टर उडवण्यात आयुष्य गेलं त्या साक्षीदारांच्या रांगेत आपण जाऊन बसलो, आणि तेही एका ढेरपोट्या कुत्रीसाठी, हे त्यांच्या आत्ता ध्यानात येत होतं. गंमत म्हणजे त्यांना अजिबात लाज वाटत नव्हती.

"आता ही चावते म्हणून गावभर होणार," बाई म्हणाल्या. "कुणी घेणार नाही हिला. तुम्हालाच न्यावी लागेल."

"नेतो. पण माझ्या सुनेला कळता कामा नये."

बाईंनी डोळे मोठे केले, पण वस्तरा थांबवला नाही. काका आजारी पडले तर मामीकडे आपण बघू, असं त्यांनी आपणहून सांगितलं, आणि त्या आठवड्यात मामी तिचं जुनं गोधडं तोंडात धरून काकांचा जिना चढली.

लपवाछपवीची तयारी काकांनी जय्यत केली. मुलगा येतो म्हणाला की मामीला सलूनमध्ये पोचवायचं. पट्टा कपाटात, गोधडं माळ्यावर, वाडगा तर सुनेनंच आणलेला, त्यावर कुणी शंका घेणार नव्हतं. केस उडतात म्हणून झाडू हाताशी. शेजाऱ्यांनाही त्यांनी तंबी देऊन ठेवली.

आणि कुणी आलंच नाही.

एक रविवार गेला, दुसरा गेला, महिने गेले. 'सगळं ठीक?' असा संदेश यायचा. शेजारी मामी घोरत असताना काका 'ठीक' असं लिहायचे. अंगठा यायचा. चोर दबा धरून बसला आणि पोलीस फिरकलेच नाहीत, तर चोरालाही जरा वाईट वाटतं. काका दर रविवारी सकाळी दाढी करत, पट्टा कपाटात ठेवत, आणि दुपार कलली की परत काढत. "चल," ते मामीला म्हणत, "आजचं कामकाज तहकूब."

बाकी मामीचं राहणं सुखाचं होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. ती सोफ्यावर चढायची, काकांच्या उशीवर लाळ गाळायची आणि पावाच्या वासानं चोरपावलांनी स्वयंपाकघरात यायची. काका तिला टाकून बोलायचे. ती सुस्कारा टाकून ऐकून घ्यायची. दोघांचं पटत होतं, याची खूण म्हणजे काका आता टीव्हीवरच्या बातम्या मोठ्यानं शिव्या घालत बघायचे. एकट्यानं शिव्या घालण्यात काही अर्थ नसतो.

शेवटी एका रविवारी न कळवता बेल वाजली. सून आणि मुलगा दारात उभे होते. मुलाच्या कवेत काचेची एक पेटी होती, पाण्यानं भरलेली, आणि तिच्यात दोन मासे गांगरून फिरत होते.

"सरप्राइज!" सून म्हणाली. "यांना फिरवायला लागत नाही, हे भुंकत नाहीत, आणि यांची कुठली संस्था नाही की..."

सोफ्यावरून मामी भुंकली.

मुलाच्या हातून पाणी हिंदकळलं. सून आत आली, मामीसमोर उभी राहिली. मामीनं तिला ओळखलं असावं. तिनं जागा सोडली नाही.

"ही तीच?"

"तीच. मामी."

"कधीपासून आहे ही इथं?"

"तुम्ही मागे आला होतात ना, त्यानंतर थोड्याच दिवसांत."

मुलानं डोक्यात हिशेब केला. तो होईपर्यंत त्याचे कान लाल झाले.

"आणि आम्हाला सांगितलं का नाही?" सुनेचा आवाज कापत होता. राग होता की आणखी काही, ते काकांना पटकन ठरवता आलं नाही.

"मी तर लपवून ठेवली होती," काका म्हणाले. "पण लपवायला समोर कुणीतरी लागतं गं."

सून कडेला नाही, चांगली मागे टेकून सोफ्यावर बसली, मामीच्या शेजारी. मग म्हणाली, "म्हणजे माझंच बरोबर होतं."

याच वाक्याला काका इतके महिने भीत होते. आणि आता आलं तर त्यात फारसा दम नव्हता.

"हो," ते म्हणाले. "तुझं बरोबरच होतं. फक्त त्यामागचं कारण चुकीचं होतं."

मामीचा फोटो काढायला सुनेनं पर्समधून फोन काढला, मामीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. जाताना मासे तिनं आपल्याबरोबर नेले. त्यांचं पाणी आता तिलाच बदलावं लागतं, असं ऐकतो; आणि सुटीच्या दिवशीही, कारण माशांना 'जेवलात का?' असं विचारून भागत नाही.

पुढच्या रविवारी मुलगा एकटाच आला. दारातूनच म्हणाला, "मामीला फिरवून आणू का?" काकांनी पट्टा दिला. त्यापुढच्या रविवारी पुन्हा आला. मग येतच राहिला.

"बापासाठी सवड नव्हती," काका सलूनमध्ये बाईंना म्हणाले. "कुत्रीसाठी बरी सापडते."

"काका," गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पाणी मारत बाई म्हणाल्या, "तुम्हाला मुलगा हवाय की पुरावा?"

काका बिस्किटाचा पुडा मुठीत घेऊन घरी गेले.

त्यानंतरच्या रविवारी मुलगा मामीला फिरवून बऱ्याच उशिरानं परतला. मामी सरळ पाण्याच्या वाडग्याकडे गेली. मुलगा चपला काढून जमिनीवरच बसला, भिंतीला टेकून, लहानपणी बसायचा तसा. काकांनी चहा आणला. भुवया वर होत्या. आता कामाचं रडगाणं येणार, रहदारीचं येणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

"बाबा," मुलगा म्हणाला, "मला इथं यायला नको वाटायचं. आई नसलेलं घर बघवायचं नाही. कामं वगैरे काही नव्हती."

काकांनी कप हातातच धरून ठेवला. यावर टोमणा मारता आला असता. दोन-तीन तयारही होते.

"मलाही नको वाटायचं," ते म्हणाले. "पण मला इथंच राहावं लागत होतं."

मुलानं मान खाली घातली. मामी पाणी पिऊन ओल्या तोंडानं आली आणि त्याच्या मांडीवर हनुवटी टेकून त्याची पँट भिजवू लागली. त्यानं तिला हाकललं नाही. काकांनी दुसरा कप त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "घे, निवतोय."